रँक, बक्षिसं आणि ओस पडणारी कस्टम रूम

जुळे सोलापुरातून एका कॉलेजच्या मुलाचा प्रश्न आला आहे. बीजीएमआय हा मोबाइलवरचा बंदुकांचा गेम. त्यात चौघांच्या टीमला स्क्वाड म्हणतात, आपण स्वतः लावलेल्या खाजगी मॅचला कस्टम रूम, आणि वरची श्रेणी गाठायला गेमच्या नेहमीच्या मॅच खेळत सुटण्याला रँक पुश. प्रश्न थोडक्यात असा: "दादा, आमचा बीजीएमआयचा ग्रुप आहे. रोज रात्री कस्टम रूम लागायची, स्लॉट कमी पडायचे. आता नवीन सीझन सुरू झाला की सगळे रँक पुशला पळतात, रूममध्ये चार स्क्वाडसुद्धा जमत नाहीत. आम्ही आमचंच पॉइंट टेबल, रँक आणि बक्षिसं सुरू केली तर पोरं परत येतील का? आणि कंपन्या कस्टमला एक्सपी का देत नाहीत? दिला असता तर हा प्रश्नच आला नसता ना?"

मी सोलापुरात काउंटर-स्ट्राइक या शूटर गेमच्या लॅनपासून (एकमेकांना जोडलेल्या कॉम्प्युटरवरच्या मॅच) आजच्या मोबाइल रूमपर्यंत मॅचेस लावत आलो आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. तुझा दुसरा प्रश्न आधी घेतो. कंपन्यांचे हात कुठे पोळले ते कळलं की स्वतःचं टेबल कसं करायचं आणि कसं नाही, हे सांगणं सोपं जाईल.

रँक (कसब दाखवणारी श्रेणी) आणि एक्सपी (खेळत राहिल्याबद्दल मिळणारे, बक्षिसं उघडणारे गुण) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कस्टममध्ये दोन्ही वेगवेगळ्या कारणांनी बिघडतात. रँकच्या मागे रेटिंग असतं. रेटिंगची पद्धत बुद्धिबळातून आली. हंगेरीत जन्मलेले अमेरिकी प्राध्यापक अर्पाड एलो यांनी ती बसवली, अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये आणि फिडे या जागतिक संघटनेने १९७० मध्ये ती घेतली. हिशेब असा: दोघांच्या रेटिंगमध्ये २०० चा फरक असेल तर वरच्याने साधारण ७६ टक्के गुण घ्यायला हवेत, ४०० चा असेल तर ९१ टक्के. त्यापेक्षा जास्त घेतले तर रेटिंग चढतं, कमी घेतले तर उतरतं. आजच्या शूटर गेममधली गणितं याहून गुंतागुंतीची आहेत, कारण तिथे टीम असतात, पण सगळ्यांचा पाया एकच: समोर कोण येणार हे खेळाडू ठरवत नाही, आणि दोन्ही बाजू जिंकायला खेळतात.

कस्टम रूममध्ये हे दोन्ही पाय निखळतात. समोर कोण बसणार हे तूच ठरवतोस. आता तुला वाटेल, दोन मित्रांनी आपसात हरून-जिंकून पॉइंट फिरवले तर एकाचे वाढतील तेवढेच दुसऱ्याचे कमी होतील, मग नुकसान काय? नुकसान नवीन आयडीमुळे होतं. अशा पद्धतीत नवीन खातं साधारण मधल्या रेटिंगवर सुरू होतं. ते खातं मुद्दाम हरवायचं, त्याचे पॉइंट आपल्याकडे ओढायचे, खातं फेकून द्यायचं, दुसरं उघडायचं. एका मोबाइल नंबरावर एक आयडी असं म्हटलं तरी घरातले चार नंबर असतातच. आठवडाभर हे चाललं की वरच्या यादीत कोण चांगला खेळतो ते कळणं बंद होतं, कोणाकडे जास्त सिम आहेत ते कळतं. म्हणून बीजीएमआय असो, व्हॅलोरंट असो, काउंटर-स्ट्राइक असो, कस्टम मॅचचा निकाल रँकला लागत नाही. तो नियम कंपनीच्या आळसातून आलेला नाही, त्याशिवाय रँकला अर्थच उरत नाही.

एक्सपीचं दुखणं निराळं. एक्सपी मिळायला कोणी हरावं लागत नाही, फक्त वेळ जावा लागतो. आणि वेळ माणसाशिवायही घालवता येतो. टीम फोर्ट्रेस २ या शूटर गेममध्ये मे २००९ ला खेळलेल्या वेळेनुसार खेळाडूंना वस्तू मिळायला लागल्या. लगेच असे सर्व्हर उघडले जिथे कोणी खेळतच नव्हतं, सगळे गेम चालू ठेवून निघून जायचे. काहींनी तर गेम न चालवता फक्त वेळ मोजून घेणारे प्रोग्राम लावले. त्या सप्टेंबरमध्ये गेमच्या कंपनीने, व्हॉल्व्हने, असे प्रोग्राम वापरणाऱ्यांच्या त्या वस्तू काढून घेतल्या आणि न वापरणाऱ्यांना डोक्यावरचं तेजोवलय भेट दिलं, ज्यावरून महिनोन्‌महिने भांडणं झाली.

बारा वर्षांनी, नोव्हेंबर २०२१ मध्ये बॅटलफील्ड २०४२ आला. त्यात पोर्टल नावाचा भाग होता: नकाशा, शस्त्रं, नियम सगळं आपण जुळवायचं आणि सर्व्हर लावायचा. कल्पना सुंदर होती. एक्सपीही पूर्ण मिळत होता. पहिल्याच दिवसांत लोकांनी एका जागी उभे राहणारे बॉट (कॉम्प्युटरने चालवलेले खेळाडू) भरून सर्व्हर लावले आणि बंदुकांचे सुटे भाग उघडायला रांगा लावल्या. कंपनीला पोर्टलचा एक्सपी आवळावा लागला, आणि ज्यांनी खरंच वेगळा मोड बनवला होता त्यांच्या सर्व्हरवर यायला कोणाला कारण उरलं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये बॅटलफील्ड ६ च्या वेळी तेच पुन्हा. बॉट मारायचे सर्व्हर इतके झाले की मोड बनवणाऱ्यांना सर्व्हर मिळेना, आणि एक्सपी पुन्हा कापावा लागला.

यात मी खेळाडूंना दोष देत नाही. एखाद्या बंदुकीचा चांगला स्कोप मिळवायला वीस-तीस तास झिजावं लागत असेल तर लोक जवळची वाट शोधणारच. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. कंपनीने बाहेर वापरता येईल असं बक्षीस कस्टममध्ये ओतलं की रूम भरते, पण ती खेळायला भरत नाही. यादीतल्या दहा सर्व्हरपैकी नऊ कारखाने होतात आणि दहावा तुझा, जो कोणाला दिसत नाही.

आता उलट टोक. कस्टमला काहीच द्यायचं नाही. हेलो इन्फिनिट २०२१ मध्ये आला तेव्हा बॅटल पास (सीझनच्या बक्षिसांची शिडी) फक्त ठरलेली आव्हानं पूर्ण करून पुढे सरकायचा. अमक्या बंदुकीने इतके मार, तमक्या गाडीत बसून इतके मार. परिणाम असा की झेंडा पळवायच्या मॅचमध्ये निम्मे लोक झेंड्याकडे बघतच नव्हते, गाडी शोधत फिरत होते. नुसत्या मॅच खेळण्याचा एक्सपी मिळायला नोव्हेंबर २०२२ उजाडला. आणि ज्या मालिकेने कस्टम खेळाला सगळ्यात जास्त दिलं, तिच्याच लोकांना वर्षभर कस्टमला जायचं म्हणजे पास बुडवायचा असं झालं.

जुने लोक लगेच म्हणतील की आमच्या वेळी कुठे होता एक्सपी? नवी पेठेतल्या, सात रस्त्याच्या नेट कॅफेत काउंटर-स्ट्राइक १.६ खेळायचो तेव्हा ना रँक होती, ना स्किन, ना पास. एकाने सर्व्हर लावायचा, बाकीच्यांनी आयपी टाकून शिरायचं, डस्ट २ या नकाशावर रात्र काढायची. हे खरं आहे, पण त्यातून "तेव्हाची पोरं खेळावर प्रेम करायची, आताची बक्षिसावर" असा निष्कर्ष काढणं मला साफ नामंजूर आहे. तेव्हा कस्टमशिवाय दुसरा दरवाजाच नव्हता. सगळाच गेम कस्टम होता.

फरक पडला तो शेजारी दुसरा दरवाजा उघडल्यावर. २००५ च्या बॅटलफील्ड २ मध्ये शस्त्रं उघडायची तर मान्यताप्राप्त रँक्ड सर्व्हरवरच खेळावं लागायचं. २००७ च्या कॉल ऑफ ड्युटी ४ ने ५५ पायऱ्यांचा जिना आणि त्यावर प्रेस्टिज (वर पोचल्यावर पुन्हा पहिल्या पायरीपासून चढणं) आणलं, आणि तिथून प्रत्येक शूटरमध्ये जिना आला. मग या जिन्याला सीझनची मुदत लागली. तुझ्या रूमची खरी अडचण ही मुदत आहे. बीजीएमआयमध्ये सीझन संपला की टियर (रँकची पायरी) खाली येतो, पुन्हा चढावं लागतं. कॉन्करर हा सगळ्यात वरचा टियर तर वरच्या ५०० जणांनाच मिळतो, म्हणजे तू थांबलास तरी बाकीचे चढत राहतात आणि तू जागेवर उभा राहून खाली जातोस. अशा पोराला तू रात्री दहाला म्हणतोस, "ये रे, एक रूम मारू." त्याच्या डोक्यात त्या एका रूमची किंमत अर्धा तास नसते, रँकचे पन्नास-साठ प्लस पॉइंट असते. त्याला रूम आवडत नाही म्हणून तो येत नाही असं नाही, यायला त्याला परवडत नाही.

टीम फोर्ट्रेस २ मध्येही असंच झालं. जुलै २०१६ मध्ये मुख्य पानावरचं बटण कंपनीच्याच मॅचमेकिंगकडे वळलं आणि वर्षानुवर्षं भरलेले खाजगी सर्व्हर काही महिन्यांत ओस पडले. त्या सर्व्हरांनी काही बिघडवलं नव्हतं.

आता पहिला प्रश्न. स्वतःचं टेबल लावावं का? लाव. पण टेबल म्हणजे नुसती शाबासकी नसते, कसं खेळायचं याची ती सूचना असते, हे आधी नीट बघ.

एक प्रसंग घे. एरँगलचा नकाशा, पाचवा झोन (खेळायची आकसत जाणारी जागा), पोचिंकी गावाच्या दक्षिणेला टेकाड. एक स्क्वाड दोन मजली घरात, दुसरी खाली ओढ्याच्या काठाला, तिसरी रस्त्यापलीकडे गाडीमागे. खालच्या स्क्वाडचा एक नॉक झाला, म्हणजे पडला, पण साथीदार त्याला अजून उचलू शकतात. क्राउन-एस या वरच्या टियरच्या रँक मॅचमध्ये इथे काय होतं? काहीच होत नाही. घरातले खाली उतरत नाहीत, कारण लवकर मेलो तर मायनस. गाडीमागचे गप्प, कारण गोळी झाडली तर जागा कळेल. नॉक झालेल्याला उचलायला कोणी जात नाही, एकटा एकटा गवतात सरपटत वरच्या दहात घुसायचं बघतो. सगळे झोनची वाट बघतात. हेच लोक, हाच नकाशा, पण बिनहिशेबाची रूम असेल तर? दोन स्मोक, एक ग्रेनेड, चौघं एकदम जिन्यावर, आणि तीस सेकंदांत निकाल. हरलेले हसत स्पेक्टेट करतात आणि "तू खिडकीतून का नाही आलास" यावर पुढची पाच मिनिटं वाद घालतात. पुढच्या रूममध्ये ते खिडकीतून येतात. शिकणं इथे होतं.

तालमीत पोरगा दहा वेळा चीत होतो म्हणून जत्रेच्या फडात त्याला डाव सुचतो, तसं आहे हे. हरण्याची किंमत नसणं ही कस्टमची मुख्य कमाई आहे, आणि टेबल लावताना तीच पहिली हातची जाते.

टेबलाचे आकडेच बघ. मोबाइलच्या अधिकृत स्पर्धांत पूर्वी जागेचे (मॅचमध्ये कितवे आलो त्याचे) पॉइंट १५, १२, १०, ८, ६ असे उतरत जायचे आणि प्रत्येक फिनिशला (मारलेल्या शत्रूला) १. म्हणजे एकही फिनिश न करता दुसरा आलेल्या स्क्वाडला १२, आणि आठ फिनिश करून पाचव्या आलेल्या स्क्वाडला १४. लढून फायदा जेमतेम दोनचा. आता वापरतात ते टेबल १०, ६, ५, ४, ३, २, १, १ असं आहे. त्यात नुसतं लपून दुसरा आलेला ६ घेतो आणि आठ फिनिशवाला पाचवा ११. एक फिनिश करून चिकन डिनर खाल्लेलाही, म्हणजे मॅच जिंकलेलाही, ११ च. नकाशा बदलला नाही, बंदुका बदलल्या नाहीत, फक्त टेबलाचे आकडे बदलले आणि स्क्वाड टेकाडावरून खाली उतरायला लागल्या. तुझ्या ग्रुपला जुनं टेबल दिलंस तर तू रँक मॅचच परत बांधतोस, फक्त कमी लोकांची. मग पोरांनी तुझ्याकडे का यावं?

तर माझा सल्ला असा की आठवड्यातल्या सगळ्या रात्री टेबलाला बांधू नकोस. एकच रात्र हिशेबाची ठेव, बाकीच्या मोकळ्या. मोकळ्या रात्री कोणी आकडे लिहायचे नाहीत, स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचे नाहीत. त्या रात्री वेडे नियम लाव: फक्त एम२४ बंदूक, फक्त पॅन, गाडी नाही, चौघांची स्क्वाड चिठ्ठ्या टाकून. चिठ्ठ्यांचा मी फार आग्रह धरतो. ठरलेल्या स्क्वाड असल्या की चांगले चार जण एकत्र राहतात आणि नवीन पोरगा तिसऱ्या मिनिटाला लॉबीत परत येतो, मग तो चौथ्या रात्री येत नाही. चिठ्ठीत त्याला ग्रुपमधला सगळ्यात तयार खेळाडू मिळाला तर तो दोन महिने टिकतो.

आणि मोकळ्या रात्रीला वेळ घालवणं समजू नकोस. आज तू जो गेम खेळतोस तो अशाच बिनबक्षिसाच्या सर्व्हरवर जन्मला. ब्रेंडन ग्रीन या आयरिश माणसाने आर्मा २ या गेमवर बॅटल रोयालचा (शेवटपर्यंत टिकेल तो जिंकला) मोड केला तो २०१३ मध्ये, हौसेने. तिथून २०१७ चं पबजी, २०१८ चं मोबाइल, २०२१ चं बीजीएमआय. हेलो २ मध्ये पोरं कस्टममध्ये झोम्बी झोम्बी खेळायची, गेममध्ये तसा नियमच नव्हता, मेलेला माणूस आपल्या हाताने टीम बदलून झोम्बींकडे जायचा, निव्वळ शब्दावर. २००७ च्या हेलो ३ मध्ये तो अधिकृत मोड झाला. काउंटर-स्ट्राइकमध्ये खेळाडूंनी बनवलेला गनगेम हा मोड त्यांच्या सर्व्हरवरून उचलला आणि त्याचा अधिकृत आर्म्स रेस झाला. यातल्या एकालाही सुरुवातीला एक्सपी नव्हता. एक्सपी असता तर मेलेल्याने स्वतःहून टीम बदलली असती का, याचा विचार कर.

हिशेबाच्या रात्रीबद्दल. टेबल महिन्याचं कर, वर्षाचं नको. महिना संपला की शून्य. लांबलेल्या टेबलात पुढे पुढे वरचे तीन आणि बाकीचे यांच्यात इतकं अंतर पडतं की बाकीचे यायचं थांबतात, आणि वरचे तिघं बाकीचे नसल्यामुळे थांबतात. दुसरं, महिन्यातल्या सगळ्या रात्री मोजू नकोस, प्रत्येकाच्या सर्वात चांगल्या तीन मोज. सोलापुरात हे फार गरजेचं आहे. तुझ्या ग्रुपमध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करणारी पोरं असतील, कोणाची पाळी आठवड्याने फिरते. जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली की अर्धा ग्रुप होम मैदानावर. रमजानमध्ये काही जण तरावीहच्या नमाजनंतरच येणार. एखादी रात्र चुकली म्हणून पोरगा शर्यतीतूनच बाहेर, असं टेबल केलंस तर ते रिकाम्या वेळेचं टेबल होईल, खेळाचं राहणार नाही.

एलो किंवा तसलं रेटिंग लावायच्या फंदात पडू नकोस. मला माहीत आहे, ते एक्सेलमध्ये करता येतं आणि करायला मजाही येते. पण पन्नास-साठ जणांच्या ग्रुपमध्ये, स्क्वाड रोज बदलत असताना, आकडे स्थिर होण्याआधी महिना संपतो. शिवाय आकडा दिसला की माणूस तो जपायला लागतो. हजार तीनशेवर पोचलेला पोरगा हिशेबाच्या रात्री "आज नेट बरोबर नाही" म्हणून बसून राहतो. वन-ऑन-वन टीडीएमची (टीम डेथमॅच, छोट्या नकाशावर नुसती मारामारी) शिडी मात्र चालेल. फळ्यावर नावं एकाखाली एक, आपल्यापेक्षा फार तर दोन पायऱ्या वरच्याला आव्हान द्यायचं, जिंकला तर जागा बदलायच्या, आणि आठवड्याभरात आव्हान घेतलं नाही तर पायरी गेली. तिला गणित लागत नाही, भांडण कमी होतं, आणि खालचा माणूस वरच्याला गाठू शकतो हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसतं.

बक्षिसाचं काय? १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या, मुळातच चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांवर प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर प्रमाणपत्र मिळेल, काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच नाही. पुढे मोकळ्या वेळात, कोणी बक्षिसाचं नाव काढत नसताना, आधी सांगून बक्षीस दिलेली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्र काढत बसली. न सांगता दिलेल्यांचं काहीच बिघडलं नव्हतं. लोक या प्रयोगातून "बक्षीस वाईट" एवढंच उचलतात. मला त्यातला दुसरा भाग जास्त उपयोगी वाटतो: अचानक दिलेलं बक्षीस आवड मारत नाही.

म्हणून जाहीर बक्षीस अगदी छोटं ठेव, आणि अचानकचं मोठं. महिन्याच्या विजेत्या स्क्वाडला ग्रुपच्या डीपीवर नाव, बस. आणि मधूनच कधीतरी, न सांगता, ज्याने नॉक झालेल्या अनोळखी पोराला झोनबाहेरून ओढून आणलं त्याला एक चांगला सोलापुरी टॉवेल, नाव शिवून. ज्या गोष्टीला तू बक्षीस देशील ती ग्रुपला दिसेल आणि वाढेल, पण तिची तयारी करून कोणी येणार नाही.

ज्यांना कधीच काही मिळत नाही असे लोक म्हणजे रूम लावणारे. रूम उघडायचं कार्ड त्याचं, ग्रुपवर रूमचा आयडी-पासवर्ड टाकायचा त्याने, पावणेदहाला "भाऊ स्लॉट सात कुणाचा" म्हणून ओरडणाऱ्यांना शांत करायचं त्याने, टीमिंग (दोन स्क्वाडनी गुपचूप हातमिळवणी करणं) पकडायचं त्याने, आणि मॅचभर स्पेक्टेटरमध्ये बसून स्वतः एक गोळी न झाडता रात्र घालवायची. मी पाहिलेल्या बहुतेक रूम खेळणारे कंटाळले म्हणून बंद पडल्या नाहीत, लावणारा एकटा पडला म्हणून बंद पडल्या. तेव्हा पॉइंट द्यायचेच असतील तर इथे दे. रूम लावली आणि शेवटपर्यंत रेफ्री म्हणून बसला तर त्या रात्रीचे त्याला त्याच्या स्वतःच्या सरासरीइतके पॉइंट. मग रूम लावणं म्हणजे तोटा राहत नाही आणि चार-पाच जण आळीपाळीने तयार होतात. तुझ्या टेबलात एकच नवी गोष्ट घालायची असेल तर ही घाल.

पैशाबद्दल स्पष्ट बोलतो. वीस रुपये एंट्री, जमलेल्यातून पहिल्याला हजार, असं सोलापुरात बऱ्याच ग्रुपवर चालतं. तू करू नकोस. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आहे. पैसे भरून, पैसे जिंकायच्या आशेने खेळायचे ऑनलाइन गेम त्यात बंद आहेत, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. ई-स्पोर्ट्सला वेगळी वाट ठेवली आहे, पण ती मान्यता आणि नोंदणीची वाट आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोड टाकण्याची नाही. कायदा बाजूला ठेवला तरी पैसा आला की पहिल्याच आठवड्यात टीमिंग, दुसऱ्यात हॅक, तिसऱ्यात "माझी एंट्री परत दे" सुरू होतं. आणि तुझ्या ग्रुपमधली निम्मी पोरं अठराच्या आतली असतील. त्यांच्या घरच्यांसमोर उभं राहायला तुला अवघड जाऊ नये.

कंपन्यांनाही मधली वाट सापडायला लागली आहे. व्हॅलोरंटने २०२३ मध्ये प्रीमियर आणलं: ठरलेली पाच-सात जणांची टीम, आठवड्यातल्या ठरलेल्या वेळा, ठरलेला नकाशा, थोड्या आठवड्यांचा सीझन, शेवटी प्लेऑफ. लोकांना टीम म्हणून, वेळ ठरवून, ओळखीच्यांसोबत खेळायचं असतं, हे त्यांनी कस्टम स्क्रिम (सरावाच्या मॅच) खेळणाऱ्यांकडूनच उचललं. मला ते आवडतं. पण त्यात फक्त पॅन घेऊन मारामारी करता येत नाही, आणि तेलुगू, कन्नड, दख्खनी आणि मराठी एकाच व्हॉइस चॅटमध्ये ओरडणारी तुझी रूम तिथे कुठे बसणार?

बाकी काही बारीक गोष्टी. हिशेबाची रात्र सीझनच्या शेवटच्या दहा दिवसांत लावूच नकोस, तेव्हा पोरं येणार नाहीत आणि तुला वाटेल योजना फसली. सीझन सुरू होऊन दोनेक आठवडे झाले, बहुतेकांनी आपला नेहमीचा टियर गाठला, की सुरुवात कर. वेळ एकदा ठरली की बदलू नको. साडेनऊ म्हणजे साडेनऊ, नऊ पस्तीसला स्टार्ट. पाच स्क्वाड असतील तरी स्टार्ट. पूर्ण भरायची वाट बघत पाऊण तास लॉबीत बसवलंस तर आलेले पाचही उद्या रँकची क्लासिक मॅच लावतील. एरँगलला माणसं कमी पडत असतील तर लिव्हिक घे, नकाशा छोटा आहे, वीस-पंचवीस जणांतही गाठी पडतात. आणि चारच स्क्वाड आल्या तर वेअरहाउसवर टीडीएमची साखळी लाव, प्रत्येकाची प्रत्येकाशी एक, तासाभरात सहा मॅच होतात आणि कोणी फार वेळ बसून राहत नाही.

पहिल्या महिन्याचं टेबल झालं की इथेच टाक, आकड्यांसकट. त्यातल्या फिनिश आणि जागेच्या पॉइंटचं प्रमाण बघून सांगतो पुढच्या महिन्यात कोणता आकडा हलवायचा.